फोटोतली आजी आणि खरी आजी
(वृद्धांची व्यक्तिचित्रे साध्या साधनांनी कशी काढावीत, याविषयी थोडा अभ्यास व थोडा अनुभव)

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष

माणूस गेल्यावर त्याचा चेहरा घरात राहावा, असे प्रत्येकालाच वाटते. पण त्यासाठी तो चेहरा माणूस असतानाच कोणीतरी टिपून ठेवलेला असावा लागतो. आमच्या घरी तो कोणी टिपला नव्हता. दोन वर्षांपूर्वी आजोबा वारले. तेरवीला हार घालण्यासाठी फोटो हवा म्हणून पेटी, फडताळ, देव्हाऱ्यामागची जागा सगळे शोधून झाले. काकांच्या लग्नातला एक गटाचा फोटो सापडला. त्यात आजोबा मागच्या रांगेत होते आणि अर्धा चेहरा कोणाच्या तरी फेट्याआड गेला होता. शेवटी आधारकार्डावरचा अंगठ्याएवढा फोटो घेऊन वडील तालुक्याला गेले. तिथल्या एका फोटोवाल्याने तो मोठा केला, अस्पष्ट दिसतो म्हणून संगणकावर गुळगुळीत केला, मागे निळा पडदा टाकला आणि मानेखाली काळ्या कोटाचे धड जोडून दिले. आजोबांनी जन्मात कोट घातला नव्हता. धोतर, बंडी आणि थंडीत वरून घोंगडी, एवढाच त्यांचा पोशाख.

आजी रोज त्या फोटोला फूल वाहते. पण एकदा ती मला म्हणाली, "हा तुहा आजा नोहे वो बाई. दुसराच कोनी पाटील दिसते." आम्ही सगळे हसलो. मागाहून मात्र ते हसणे मला टोचत राहिले. कारण आजीचाही घरात एकच फोटो आहे, तोही आधारकार्डावरचा.

त्या दिवसापासून मी वृद्ध माणसांचे फोटो काढायला लागले. साधने म्हणाल तर भावाचा जुना मोबाइल आणि सुटीत एका ओळखीच्या दादाकडून मागून आणलेला जुना डिजिटल कॅमेरा. आमच्या घरातून महाविद्यालयात येणारी मी पहिलीच. त्यामुळे या विषयाचे पुस्तकी शिक्षण मला नाही. ग्रंथालयात जे वाचायला मिळाले, प्राध्यापकांनी जे सांगितले आणि चुकत चुकत जे हाती लागले, ते माझ्यासारख्याच मित्रमैत्रिणींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

थोडा इतिहास

छायाचित्रणाची पहिली व्यवहार्य पद्धत फ्रान्समध्ये दागेर यांनी शोधली आणि ती १८३९ साली जगापुढे आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होत. म्हणजे ही कला आपल्याकडे फार उशिरा आली असे नाही. उशीर झाला तो ती आपल्या गावात, आपल्या घरात यायला.

जुन्या फोटोंतली माणसे इतकी ताठ का दिसतात, याचे मला कोडे होते. त्याचे उत्तर यंत्रात आहे. त्या काळी काचेवर चित्र उमटायला कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. इतका वेळ हसू चेहऱ्यावर टिकवता येत नाही, म्हणून लोक गंभीर बसत. पुढे यंत्र बदलले, पण फोटोसाठी ताठ बसायची रीत मात्र राहिली. आमच्या गावची म्हातारी माणसे कॅमेरा पाहिला की आजही दोन्ही हात मांड्यांवर ठेवून श्वास रोखतात. याला अडाणीपणा म्हणू नये. ती एक जुनी रीत आहे.

वृद्धांची व्यक्तिचित्रे म्हटली की ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचे नाव घ्यावेच लागते. त्यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्यात झाला. १८६३ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांच्या मुलीने व जावयाने त्यांना इंग्लंडमध्ये कॅमेरा भेट दिला. तोवर त्यांना यातले काही येत नव्हते. त्यांनी कोळशाच्या कोठीची अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. १८६७ साली त्यांनी सर जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाचे जे चित्र काढले, ते आजही नमुन्यादाखल दाखवले जाते. 'फोटोग्राफी' हा शब्द रूढ करणारे हेच ते हर्शेल. तेव्हा त्यांचे वय ७५ होते. चित्रात काळोख आहे, विस्कटलेले पांढरे केस आहेत आणि एका बाजूने उजेड पडलेला चेहरा आहे. खुर्ची, पडदा, पुस्तके यांपैकी काहीच नाही. इतक्या साध्या मांडणीत असे चित्र निघते, तर आपल्या ओसरीत का निघू नये?

आपल्या भागाचीही एक गोष्ट सांगते. भंडारा जिल्हा पूर्वी मध्य प्रांतात होता. त्या प्रांतातील जातिजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा चार खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात छायाचित्रे आहेत. पण बहुतेक चित्रांखाली जातीचे वा धंद्याचे नाव आहे, माणसाचे नाव नाही. ती चित्रे पाहताना मला सारखे वाटत होते की यातली कोणी तरी कोणाची तरी आजी असेल. चेहरा शंभर वर्षे टिकला, नाव टिकले नाही.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. मराठी माणसांत व्यक्तिचित्रणासाठी गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. 'चेहरे' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यांच्यापुढे बसलेले चेहरे बहुधा आधीच नामवंत होते. सुधारक ओलवे यांनी मात्र मुंबईच्या सफाई कामगारांसारख्या, ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही अशा माणसांकडे कॅमेरा वळवला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पी. साईनाथ यांनी २०१४ च्या डिसेंबरात सुरू केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संग्रहात देशातील प्रत्येक जिल्ह्यातील सामान्य माणसांचे चेहरे नावानिशी जमवण्याचे काम चालते. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा ठेवाही तिथे आहे, आणि ओव्या गाणाऱ्या अनेक बायांची नावे, गावे व फोटो सोबत आहेत. ओवीबरोबर गाणारीचा चेहराही जपावा, ही कल्पना मला फार आवडली.

उजेड : कामाची जागा हीच उजेडाची जागा

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली गोष्ट उजेडाची. माझे सुरुवातीचे सगळे फोटो भर दुपारी अंगणात काढलेले होते. 'ऊन भरपूर, म्हणजे फोटो चांगला' असा माझा समज होता. तलावाच्या पाळीवर जाळे सुकवणाऱ्या एका ढिवर आजोबांचे मी वीस-पंचवीस फोटो काढले. घरी येऊन पाहते तो डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, कपाळ पांढरेफटक आणि उन्हाने सगळा चेहरा आवळलेला. वरून येणारे ऊन भुवयांची सावली डोळ्यांत पाडते, हे मला तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी त्याच आजोबांना मी दहा पावलांवरच्या आंब्याच्या सावलीत बसवले, तोंड उघड्या पाण्याकडे केले. डोळे उघडले, बुबुळांत तलावाच्या उजेडाचा ठिपका चमकू लागला आणि चेहरा सैल झाला. डोळ्यांतला तो ठिपका फार महत्त्वाचा. तो नसला तर जिवंत माणूसही निर्जीव दिसतो.

घरात फोटो काढायचा असेल तर दारासारखा दिवा नाही. आमच्या कौलारू घरांत खिडक्या लहान, पण दार मोठे असते. माणसाला दाराच्या आत दोन पावलांवर बसवावे आणि चेहरा थोडा दाराकडे वळवावा. म्हणजे एका गालावर उजेड व दुसऱ्यावर सावली येते. सावली फारच काळी वाटली तर त्या बाजूला पांढरे धोतर, चादर किंवा थर्माकोलचा तुकडा कोणाला तरी धरायला सांगावा. उजेड परतून सावलीत पडतो. याला खर्च काही नाही.

बाजूचा उजेडच का? संध्याकाळी नांगरलेली बांधी पाहा. दुपारी ती सपाट दिसते, पण सूर्य कलला की एकेका तासाची सावली पडून सगळी नांगरट उठून येते. सुरकुत्यांचे तसेच आहे. समोरून फ्लॅश मारला की त्या बुजतात, चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा होतो, चष्म्यावर चमक येते आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पडते. शिवाय मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना फ्लॅशचा त्रास होतो. म्हणून फ्लॅश बंदच ठेवावा. पण उजेड अगदी आडवा आला तर सुरकुत्या प्रमाणाबाहेर खोल दिसतात, हेही लक्षात ठेवावे. सुरकुत्या वाढवून दाखवणे हेही खोटेच.

एक गोष्ट मी मोहाडी तालुक्यातील आंधळगावला शिकले. हे कोष्टी विणकरांचे जुने गाव. मैत्रिणीबरोबर एका विणकर आजोबांकडे गेले होते. खोली अंधारी आणि माग खड्ड्यातला. 'बाहेर अंगणात बसता का?' असे विचारायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते मागावर जाऊन बसले. पाहते तो समोरच्या झरोक्यातून नेमका उजेड त्यांच्या हातांवर आणि चेहऱ्यावर! मग उमगले की बारीक धाग्याचे काम करणारा माणूस आयुष्यभर उजेड शोधूनच बसलेला असतो. सुईकाम करणारी बाई, तांदूळ निवडणारी आजी, पोथी वाचणारे आजोबा यांची बसायची जागा ठरलेली असते. ती बदलू नये. आपण त्या जागेभोवती फिरावे.

अंतर आणि भिंग

दुसरी गोष्ट अंतराची. मोबाइल चेहऱ्याजवळ नेऊन फोटो काढला की नाक मोठे, कान लहान आणि कपाळ फुगलेले दिसते. दोष भिंगाचा नाही, अंतराचा आहे. हिशेब सोपा आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत खोली साधारण १२ सेंटिमीटर धरू. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ सेंटिमीटरवर पडतो, म्हणजे कानाच्या मानाने नाक १.४ पट मोठे उमटते. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला तर १५० आणि १६२, म्हणजे फरक शेकडा ८ इतकाच उरतो. म्हणून दीड-दोन मीटर दूर बसावे आणि मोबाइलवर दुप्पट मोठेपणा निवडावा किंवा नंतर चित्र कापून घ्यावे.

दूर बसण्याचा आणखी एक फायदा आहे. तोंडाशी आलेल्या यंत्राने म्हातारे माणूस बावरते. दीड मीटर हे ओसरीत गप्पा मारायचे अंतर आहे.

माझ्याकडे काही दिवस आलेल्या कॅमेऱ्याला ५० मि. मी. चे साधे भिंग होते, त्याचे मोठ्यात मोठे छिद्र एफ १.८. छिद्र पूर्ण उघडले की मागचे सगळे पुसट होते आणि चेहरा सुटा उठतो. मला हे इतके आवडले की मी सगळे फोटो तसेच काढले. घरी पाहते तर कोठे नाक स्पष्ट तर डोळे पुसट, कोठे कान स्पष्ट तर बाकी सारे पुसट! त्या कॅमेऱ्यावर दीड मीटर अंतरावरून इतक्या उघड्या छिद्राने जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते, आणि चेहरा तर बारा सेंटिमीटरचा. म्हणून छिद्र एफ ४ च्या आसपास ठेवावे आणि नेम नेहमी जवळच्या डोळ्यावर धरावा. बाकी काही पुसट झाले तर चालते, डोळा पुसट झालेला चालत नाही.

मोबाइलमध्ये पार्श्वभूमी पुसट करण्याची कृत्रिम सोय असते. ती पिंजारलेल्या केसांची व पदराच्या काठाची कड चुकीची कापते. त्याहून घातक म्हणजे चेहरा आपोआप गोरा व गुळगुळीत करणारी सोय. अनेक मोबाइलांत ती मुळातच चालू असते. फोटो काढण्यापूर्वी ती शोधून बंद करावी. आजोबांच्या चेहऱ्याचे जे झाले, ते पुन्हा आपल्याच हाताने व्हायला नको.

उजेडाचे मोजमाप

कॅमेरा हा भोळा असतो. समोरचे सगळे मिळून मध्यम करड्या रंगाचे असावे, असे तो धरून चालतो. सावळ्या चेहऱ्याची आजी चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे बसली की तो भिंतीचा उजेड कमी करायला जातो आणि आजी काळी ठिक्कर पडते. म्हणून मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवावे, थोडा वेळ दाबून मोजमाप पक्के करावे आणि मग उजेड जरासा कमी करावा, म्हणजे पांढरे धोतर किंवा पिकलेले केस फटफटीत होत नाहीत. शक्य तर पार्श्वभूमीच बदलावी. शेणाने सारवलेली किंवा मातीची भिंत आमच्या माणसांच्या रंगाला फार छान शोभते.

वृद्धांचे हात व मान पुष्कळदा थरथरते. अंधाऱ्या जागी कॅमेरा पडदा जास्त वेळ उघडा ठेवतो आणि चित्र हलते. हाती सोय असेल तर सेकंदाच्या १२५ व्या भागाहून हळू जाऊ नये. मोबाइलवर हे जमत नसेल तर माणसाला उजेडाच्या जवळ घ्यावे, आपली कोपरे गुडघ्यांवर टेकावीत आणि एकामागून एक सहा-सात फोटो काढावेत. त्यातला एक तरी स्थिर निघतो.

भाव कोठून येतो?

इथपर्यंतचे सगळे यंत्राचे झाले. पण फोटोत भाव कोठून येतो? 'आजी, हसा' म्हटल्याने येत नाही, एवढे मी खात्रीने सांगते. १९४१ साली ओटावा येथे युसुफ कार्श या छायाचित्रकाराने चर्चिल यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि रागावलेल्या चर्चिलचे जगप्रसिद्ध चित्र टिपले, ही गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. ती वाचून मलाही वाटले की अशी काही युक्ती करावी. पण आपण आपल्या आजीआजोबांच्या घरी युक्त्या करायला जात नाही. आपल्याकडे चर्चिलपाशी नव्हती ती एक गोष्ट असते : वेळ.

मी आता पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवते. ज्या कानाने ऐकू येते त्या बाजूला बसते. ते जमिनीवर असतील तर मीही जमिनीवर. उभ्याने खाली पाहून काढलेल्या फोटोत माणूस केविलवाणा दिसतो. प्रश्न विचारायचे ते कामाचे. 'तुम्हाला कसे वाटते?' या प्रश्नाला म्हातारी माणसे 'बरं आहे' एवढेच उत्तर देतात. पण 'रोवण्याच्या वेळी दिवसाला किती बांध्या होत?', 'दंडारीत तुम्ही कोणते सोंग घेत होता?' असे विचारले की हात हलू लागतात, डोळे कोठेतरी दूर जातात. भाव वाक्याच्या मध्यभागी नसतो, वाक्य संपल्यावर क्षणभर जो थांबतो, तिथे असतो. बोलताना काढलेल्या फोटोत तोंड वेडेवाकडे येते. म्हणून ऐकत राहावे आणि वाक्य संपले की बोट दाबावे.

हातांना विसरू नये. आमच्या जिल्ह्यात तेंदूपत्ता आणि विडीचा धंदा जुना. माझ्या आजीने चाळीस वर्षे विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात पाने, तंबाखू आणि दोरा. तिच्या बोटांची टोके घासून इतकी गुळगुळीत झाली आहेत की रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही. तीन-तीनदा पुसून ठेवावा लागतो. चेहऱ्याच्या फोटोत हात आले तर माणसाची अर्धी हकीकत न सांगता कळते.

आणि पार्श्वभूमीही बोलते. आमच्या नात्यातले एक आजोबा गोसीखुर्द प्रकल्पात गेलेल्या गावचे आहेत. त्या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि पुढे पाणी अडले तसे पवनी भागातली अनेक गावे उठली. आजोबा आता पुनर्वसन वसाहतीत राहतात. फोटोसाठी मी त्यांना नव्या घराच्या रंगवलेल्या भिंतीपुढे बसवले होते. ते म्हणाले, "इथं नको. पान्याकडं तोंड करून काढ." आम्ही दोन किलोमीटर चालत काठावर गेलो. त्या फोटोत पाणी दिसतच नाही, कारण पाणी माझ्या पाठीमागे होते. पण ते कशाकडे पाहत आहेत, हे आमच्या घरातल्या प्रत्येकाला कळते.

फोटो कोणाचा?

आता शेवटची आणि मला सर्वांत अवघड गेलेली गोष्ट. आजीचे मी बरेच फोटो काढले. त्यातला एक मला फारच साधला असे वाटले. दुपारची वेळ, दारातला उजेड, मांडीवर सूप, हात थांबलेले, डोळ्याला चष्मा नाही, पदर खांद्यावरून घसरलेला आणि चेहऱ्यावर दिवसाचा सगळा थकवा. मैत्रिणींनी वाहवा केली. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात तो लावावा, असे ठरले. मी मोठी प्रत करून आणली आणि आधी आजीला दाखवली.

आजीने ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि म्हणाली, "यात मी हारलेली दिसतो." मग थोड्या वेळाने, "चार लोकांत हा नको लावू बाई. लोक म्हनतील, पोरगी कालेजात जाते अन् बुडीले काम कराले लावते."

मला वाईट वाटले, थोडा रागही आला. मला जी कला वाटत होती, ती तिला बेअब्रू वाटत होती. दोन दिवस मी विचार करत राहिले. वृद्धांचे जे फोटो बक्षिसे मिळवतात, त्यांत बहुधा सुरकुत्या, काठी, फाटका पदर आणि ओले डोळे असतात. 'भावपूर्ण' म्हणजे 'दुःखी' असे आपण केव्हा ठरवून टाकले? आजीच्या चेहऱ्यावर थकवा आहे, हे खरे. पण तिच्या चेहऱ्यावर शेजारणीची नक्कल करतानाचा खट्याळपणाही आहे, माझा निकाल ऐकतानाची ऐटही आहे. मी मात्र थकवाच निवडला, कारण तो चित्रात शोभून दिसत होता. फोटोवाल्याने आजोबांना कोट चढवला. मी आजीला माझ्या पसंतीचे दुःख चढवत होते. दोघांनीही समोरच्या माणसाला विचारले नव्हते.

काही जण म्हणतील की प्रत्येकाच्या मर्जीने चालायचे तर खरे चित्र कधी निघणारच नाही, माणसाला स्वतःचा खरा चेहरा आवडतोच असे नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. पण मला असे वाटते की फोटो काढण्याचा आणि फोटो लावण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काढताना मी माझ्या डोळ्यांनी पाहीन. चार लोकांपुढे मांडताना मात्र ज्याचा चेहरा, त्याचा शब्द शेवटचा. मी तो फोटो प्रदर्शनातून मागे घेतला. त्याऐवजी विणकर आजोबांचा लावला, त्यांना दाखवून आणि विचारून.

मग एका रविवारी आजीला म्हटले, "तुला पाहिजे तसा काढू." ती न्हाऊन आली, ठेवणीतले हिरवे लुगडे नेसली, कपाळ मोकळे होते ते तसेच ठेवले, चष्मा पुसून घातला आणि खुर्चीवर दोन्ही हात मांड्यांवर ठेवून ताठ बसली. अगदी जुन्या काळच्या फोटोसारखी. मी तिच्या मनासारखे चार फोटो काढले. 'झालं' म्हटल्यावर तिने श्वास सोडला, आईकडे वळून "चूल पाहाजो वो, भात लागला का?" असे विचारले आणि स्वतःच्याच थाटाचे हसू येऊन हसली. तो पाचवा फोटो.

दोन्ही प्रती तिला दिल्या. भिंतीवर लावण्यासाठी तिने ताठ बसलेलाच निवडला. "मी गेली का हाच लावा. कोट-गिट नको," असे वडिलांना बजावून ठेवले. हसण्याचा फोटो तिने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आहे. मावशीआजी आली की तो बाहेर निघतो.

समारोप

माझ्या अल्प अनुभवातून जे नियम हाती आले, ते थोडक्यात असे : दाराचा किंवा सावलीतला बाजूचा उजेड घ्यावा, दीड-दोन मीटरवर बसावे, नेम डोळ्यावर धरावा, गुळगुळीत करणारी सोय व फ्लॅश बंद ठेवावा, हात चित्रात घ्यावेत, ऐकावे आणि वाक्य संपल्यावर बोट दाबावे. आधी त्यांना हवा तसा फोटो काढावा, मग आपल्याला हवा तसा. विचारल्याशिवाय तो चार लोकांत लावू नये, मोबाइलवरून फिरवूही नये.

आणि प्रत काढावी. भावाचा मोबाइल गेल्या पावसाळ्यात बांधीत पडला आणि चाळीस-पन्नास फोटो त्याच्याबरोबर गेले. राहिले ते कागदावरचे. एका प्रतीला फार पैसे लागत नाहीत. प्रतीच्या मागे पेन्सिलने नाव, गाव आणि तारीख लिहावी. नुसत्या 'आजी' म्हणून नव्हे, तर पूर्ण नावाने. आजीला तिचे नाव फोटोमागे लिहून दाखवले, तेव्हा तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि विचारले, "येवढं मोठं हाये का माहं नाव?"

वाचकमित्रहो, येत्या सुटीत आपण गावी जालच. आपल्या घरी एखादे म्हातारे माणूस असेल, तर एक दुपार त्यांच्यासाठी राखून ठेवावी. कॅमेरा कोणताही चालेल. माझ्या लेखात काही चुकले असल्यास प्राध्यापकवर्गाने व मित्रांनी जरूर सांगावे.